प्रकल्प नोंदी: सोसायटीच्या १४.४ चौरस मीटरमध्ये गावरान पांढरा मका (पुणे, खरीप २०२४)

५ मे: जागा आणि माती

इमारतीच्या दक्षिणेची पट्टी, ४.८ मीटर × ३ मीटर. ऊन सकाळी साडेनऊ ते साडेचार, म्हणजे सात तास. मक्याला याहून कमी चालत नाही. पाच तासांच्या उन्हात झाड उंच वाढतं पण कणीस बोटाएवढं राहतं.

गच्चीचा विचार आधीच सोडला. मक्याला निदान ३० से.मी. खोल माती लागते, आणि भिजलेली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जाते. एवढा भार स्लॅबवर टाकायचा तर आधी अभियंत्याला विचारावं लागेल.

खणताना बांधकामाचा राबिट निघाला, १४ घमेली. चुना-सिमेंट मिसळल्यामुळे मातीचा सामू (पीएच) ८.१. पुण्याची काळी माती तशीही चुनखडीचीच, त्यात हे. अशा जमिनीत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत पानांवर लक्ष ठेवायचं.

ओल्या कचऱ्याचं कुजलेलं खत ३ से.मी. जाडीचा थर, म्हणजे सुमारे ४०० लिटर, वरच्या १५ से.मी.त मिसळलं. हेक्टरी १२० किलो नत्र धरलं तर एवढ्या जागेला साधारण १७५ ग्रॅम लागतं. खतात तेवढं नक्की आहे, पण ते सावकाश सुटतं आणि मक्याला मात्र गुडघ्याएवढा झाल्यावर एकदम हवं असतं. म्हणून दुसऱ्या हप्त्याची सोय आत्ताच बघून ठेवली: कुंपणाला लागून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) चार झाडं आहेत, त्यांचा पाला नत्र देतो.

१८ मे: बियाणं

सातपुड्यातल्या धडगाव भागातला पांढरा गावरान मका. नंदुरबार जिल्ह्याच्या या पट्ट्यात मक्याचे स्थानिक वाण अजून शेतात टिकून आहेत. बाएफ संस्थेने तिथे सामुदायिक बीज बँकेतून त्यांचं जतन केलं आहे. आपल्याकडे दोन हप्ते आहेत: यंदा आलेला आणि २०२२चा, बरणीत ठेवलेला.

उगवण चाचणी: प्रत्येकी ५० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच दिवस. नवे ४६ उगवले, जुने ३५. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून पेरायचे. जुनं बी कमी उगवतं म्हणून फेकायचं नाही. वेगवेगळ्या वर्षांचं बी मिसळलं की झाडांमधली विविधता वाढते, आणि छोट्या जागेत मक्याचं खरं दुखणं तेच आहे. भात, गहू, वाल स्वतःच्याच परागावर पोसतात, दहा झाडांवरून बी धरलं तरी वाण टिकतो. मका परपरागी. थोड्याच झाडांवरून बी धरत राहिलं तर चार-पाच पिढ्यांत झाडं खुजी, कणसं लहान, वांझ ताटं जास्त. निदान शंभर झाडांवरून बी धरावं असं म्हणतात, दोनशे मिळाली तर उत्तम. आपल्या पट्टीत मावतात ८०. म्हणून शहरातल्या आणखी दोन बागांत हेच मिश्रण पेरलं जाणार आहे आणि शेवटी तिन्हीकडचं बी एकत्र होईल.

२ जून: पाणी

४० चौरस मीटर पत्र्याचं पाणी १००० लिटरच्या टाकीत. १० मि.मी. पावसाला गळती-उडती धरून ३२० लिटर जमतात, म्हणजे एका चांगल्या सरीत टाकीचा जवळपास तिसरा हिस्सा. पहिल्या सरीचं ६० लिटर पाणी धूळ आणि कबुतरांची विष्ठा घेऊन येतं, ते वेगळ्या पिंपात सोडलं.

उलटा हिशेब: भर वाढीत मक्याला दिवसाला ५ मि.मी. पाणी लागतं, आपल्या पट्टीला ७२ लिटर. भरलेली टाकी चौदा दिवस पुरते. तुरा ते केस हे पंधरा दिवस सोडून इतर वेळी ताण सोसतो, त्या पंधरवड्यात नाही. तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकी भरलेली असलीच पाहिजे.

१४ जून: पेरणी

पुण्यात मान्सून ९ तारखेला पोचला. चिखलात पेरलं नाही, वाफशाची वाट पाहिली. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोकरल्यावर फुटला, तेव्हा टोकण केली.

पाच ओळी, दोन ओळींत ६० से.मी., दोन झाडांत ३० से.मी., खोली ४ से.मी., प्रत्येक ठिकाणी दोन दाणे. ओळीत १६, एकूण ८० ठिकाणं. ओळींना पश्चिमेकडून नंबर दिले. एकच लांब ओळ लावायचा मोह कुंपणालगत होतोच, पण मक्याचा पराग वाऱ्याने पडतो. एका ओळीतला बराचसा रस्त्यावर जातो आणि कणसं बोळकी राहतात. चौकोनी तुकडाच हवा, लहानात लहान चार ओळी × चार झाडं.

बीजप्रक्रिया: बीजामृतात (शेण-गोमूत्राच्या मिश्रणात) बुडवून सावलीत तासभर सुकवलं. शिवाय दहा पिशव्यांत एकेक दाणा लावून ठेवला, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला.

२६ जून: नांग्या, विरळणी

पाचव्या दिवशी कोंब वर. सहा ठिकाणं रिकामी. दोन साळुंक्यांनी उपटली, चार कुजली. पिशवीतली रोपं मातीच्या गोळ्यासकट लावली. बारा दिवसांपुढचं रोप हलवलं तर ते खुरटतं, त्यामुळे हे काम आजच्या पुढे जायला नको होतं. जिथे दोन्ही उगवले तिथलं एक कात्रीने कापलं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

३ जुलै: पांढरे पट्टे

अपेक्षेप्रमाणे. वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, बुडाकडच्या भागात पांढुरके पट्टे. कडा आणि शीर हिरवी. ही जस्ताची कमतरता. नत्राची असती तर जुनं, खालचं पान टोकाकडून आत मधल्या शिरेच्या वाटेने इंग्रजी व्ही आकारात पिवळं पडतं. स्फुरदाची (फॉस्फरसची) असती तर कडा जांभळ्या.

झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरी गेलेला चुना २.५ ग्रॅम, प्रति लिटर पाणी, सायंकाळी फवारणी. आठ दिवसांनी पुन्हा. चुना टाकला नाही तर पानं करपतात. बागेचा नियम आहे की बाहेरून काही आणायचं नाही. तो इथे मोडला. राबिटावर बाग करायची तर पहिली दोन-तीन वर्षं मोडावाच लागेल. सामू सेंद्रिय पदार्थाने उतरतो, पण एका हंगामात नाही.

८ जुलै: लष्करी अळी

पानांवर खिडक्यांसारखे पारदर्शक चट्टे, पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) ओला भुसा. अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीआधीच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, म्हणजे अमेरिकन लष्करी अळीच. २०१८ साली कर्नाटकात ही भारतात पहिल्यांदा सापडली; आता शहरातल्या वीस झाडांनाही शोधून काढते.

रोज सकाळी पानं उलटून अंडीपुंज चिरडणं हे पहिलं काम. पुंजावर करड्या लोकरीसारखं आवरण असतं, एकदा ओळखलं की चुकत नाही. पोंग्यात बारीक वाळू आणि चुना ९:१, झाडाला एक चिमूट. वाळू अळीला खरचटते. हे अळी लहान असतानाच. मोठी अळी स्वतःच्या विष्ठेचं बूच लावून आत बसते, मग वाळू तिच्यापर्यंत जात नाही. तिला काडीने बाहेर काढायची. ५ टक्के निंबोळी अर्क दोनदा फवारला: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १० लिटर करायचे, नोझल पोंग्यावर रोखायचं. पानांवर उडवलेला अर्क वाया जातो.

चार झाडांचा शेंडाच खाल्ला गेला, ती काढली. तीन ताटं घुशीने बुडातून कातरली. घुशीवर उपाय एकच लागू पडला, बिळाच्या तोंडाशी जाळी आणि विटा. उरली ७३.

१६ जुलै: भर, गिरिपुष्प, चवळी

खालची पानं व्ही आकारात पिवळी दिसू लागली होती. गिरिपुष्पाचा कोवळा पाला १५ किलो, ओळींत अंथरून वर मातीची भर. मातीखाली गेलेला पाला लवकर कुजतो, नुसता पसरलेला वाळतो. सोबत जीवामृत १० लिटर: शेण ५०० ग्रॅम, गोमूत्र ५०० मि.लि., गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, मूठभर माती, दोन दिवस सावलीत आंबवून, सकाळ-संध्याकाळ ढवळून. शेण गोठ्यातून येतं, हेही बाहेरचंच.

ओळी १ ते ३ला १५ से.मी. भर झाली. ४ आणि ५ पत्र्याच्या पागोळीखाली असल्यामुळे चिखल, वाफसा नाही. पुढे ढकललं.

प्रत्येक दुसऱ्या झाडाशी वेलीची चवळी टोकली. मक्याबरोबरच टोकली तर ती मक्याला गुंडाळून बसवते. मका गुडघ्याच्या वर गेल्यावरच. मका, घेवडा, भोपळा या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या त्रयीतला भोपळा इथे टाळला. एक वेल पूर्ण पट्टी गिळेल.

२५ जुलै: मका पडला

चोवीस तासांत शंभर मि.मी.हून जास्त पाऊस, वर वारा. २३ झाडं कलली, ५ पेरात मोडली. कललेल्यांपैकी १७ ओळ ४ आणि ५मधली, म्हणजे भर न लागलेली. आधारमुळं हवेत लोंबत होती, मातीत शिरायला मातीच नव्हती. बाकी कारण शोधायची गरज नाही. पागोळीचं पाणी दुसरीकडे वळवून दोन दिवसांत वाफसा आणता आला असता.

दुपारी पाऊस थांबताच झाडं उचलली. तुरा येण्याआधी मका स्वतः पेरापासून वळून उभा राहू पाहतो. एकदा वळला की मग सरळ करायला गेलं तर मोडतो. त्यामुळे उचलायचं तर त्याच दिवशी, नाहीतर तसंच सोडायचं. चार कोपऱ्यांत बांबू, ६० आणि १२० से.मी. उंचीवर सुतळीचे दोन फेरे, बुडाशी कोरडी माती आणि खत घालून पायाने दाबलं. उरली ६८.

८ ऑगस्ट: तुरे

पेरणीपासून ५५ दिवस. उंची सव्वादोन ते अडीच मीटर. तुरा आधी, कणसाचे केस तीन-चार दिवसांनी. हे अंतर आठ दिवसांवर गेलं तर समजावं की पाण्याचा किंवा नत्राचा ताण आहे. टाकी भरलेली आहे.

पश्चिमेला साधारण ९० मीटरवर एका गच्चीवर पिशव्यांत स्वीट कॉर्न दिसतं, तुऱ्यात आलेलं. बियाण्याच्या मक्याला निदान २०० मीटर अंतर लागतं, चारशे असेल तर निर्धास्त. ऑगस्टातला वारा पश्चिमेचाच. शेजारचा मका आधी कळला असता तर महिनाभर मागेपुढे पेरून सुटका होती. आता हाताने परागीकरण करणं भाग आहे, सगळ्या कणसांचं नाही जमणार, २२ कणसांचं.

१२ ते १७ ऑगस्ट: परागीकरण

क्रम असा ठेवला.

केस बाहेर पडण्याआधीच कोवळ्या कणसावर बटर पेपरची पिशवी. एक जरी केस बाहेर दिसला तरी ते कणीस यादीतून बाद, कारण केस बाहेर आल्या क्षणापासून पराग घेतो. पिशवीत केस दिसू लागले की आदल्या संध्याकाळी कणसाचं टोक दीड से.मी. कापायचं; सकाळी सगळे केस एका उंचीचे, दाढीच्या ब्रशसारखे वर येतात. त्याच संध्याकाळी दहा-बारा वेगवेगळ्या झाडांच्या तुऱ्यांवर खाकी कागदी पिशव्या, तोंड दुमडून टाचणी. तुऱ्यावर बाहेरून आलेला पराग असलाच तर रात्रीत मरतो. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरते आणि पराग गोळा होतो.

सकाळी नऊ ते अकरा, दव सुकल्यावर, तुरे वाकवून पिशवीत झटकायचे. सगळ्यांचा पराग एकत्र करून चहाच्या गाळणीतून गाळायचा; वर राहतात त्या रिकाम्या परागपिशव्या, खाली पिवळी भुकटी. तळहातावर घेतली तर तेलकट हळदीसारखी लागते. कणसाची पिशवी वर उचलून चिमूटभर भुकटी केसांवर, लगेच तीच पिशवी पुन्हा, ताटाभोवती स्टेपल. ही पिशवी काढणीपर्यंत राहते आणि खूणही तीच. पराग काही तासच जिवंत असतो, उद्यासाठी ठेवायचा नाही.

एका केसाला एक दाणा. ज्या केसाला पराग पोचला नाही, तिथे कणसावर रिकामी जागा. म्हणून प्रत्येक कणसाला दोन सकाळी पराग दिला.

१५ तारखेला सकाळी भुरभुर होती, काम बंद. ओल्या परागाचा उपयोग नाही.

५ सप्टेंबर: हिरवी कणसं

ओळ १ सगळ्यात पश्चिमेची, परक्या परागाचा पहिला मार खाणारी. ती बियाण्याला धरायचीच नव्हती, तिची १४ कणसं भाजायला काढली. केस तपकिरी झाल्यावर नखाने दाणा फोडून बघायचा: पाणी निघालं तर लवकर, पांढरं दूध निघालं तर आज, पीठ निघालं तर उशीर. गावरान मका चिकात जेमतेम पाच दिवस असतो. स्वीट कॉर्नसारखी गोडी नाही. चव पिठूळ, भाजल्यावर खमंग.

तीन झाडांना कणीसच धरलं नाही. वांझ.

२३ आणि २४ सप्टेंबर: काढणी

दाणा टोकापाशी खरवडला की बुडाशी काळा ठिपका दिसतो. तो दिसला म्हणजे झाडाकडून दाण्याला काही जाणं थांबलं. पुढे फक्त वाळणं. २३ला दहा कणसं तपासली, आठांत ठिपका. खरं तर आणखी आठवडाभर ताटावरच वाळू दिली असती. पण चार उघडी कणसं पोपटांनी सोलली आणि पावसाचा अंदाज होता. २४ला सगळी काढली, १०२ दिवस. २५च्या संध्याकाळी शहर पुन्हा पाण्याखाली.

सालं मागे वळवून जोड्या बांधून जिन्याच्या वरच्या मजल्यावर दोरीला टांगली. ओल्या कणसांचा ढीग करून ठेवला तर दोन दिवसांत गरम होऊन बुरशी धरते.

२ ऑक्टोबर: पिवळे दाणे

पिशवीतली २२, त्यांतली दोन बुरशीने गेली (पिशवीच्या तळात पाणी साचलं होतं, पुढच्या वेळी खालचा कोपरा कापायचा). उघडी २५. एकूण ४५ कणसं.

पिशवीतल्या वीसही कणसांत एकसुद्धा पिवळा दाणा नाही. उघड्या २५ पैकी ८ कणसांत आहेत, कुठे दोन, कुठे तीस. आठांतली सहा ओळ २मधली. दाणे स्वीट कॉर्नसारखे गर्द नाहीत, फिकट, साजूक तुपाच्या रंगाचे. कारण दाण्याच्या पिठूळ भागात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. आई पांढरी असली की एका वाट्याने रंग पूर्ण चढत नाही. आणि दाणे सुरकुतलेले नाहीत, कारण स्वीट कॉर्नचा गोडपणा हा दबणारा गुण आहे. तो या पिढीत दिसणार नाही, हेच बी पेरलं तर पुढच्या कणसांत सुरकुतलेले दाणे बनून उगवेल.

पांढरा वाण निवडण्याचा फायदा इथे दिसतो. पिवळ्या गावरान मक्यात हीच भेसळ झाली असती तर डोळ्याला कळलीच नसती.

पिवळे दाणे वेचून बाकीचं कणीस बियाण्याला घेण्यात अर्थ आहे, पण यंदा आठही कणसं खाण्यात टाकली.

१३ ऑक्टोबर: बियाण्याची निवड आणि मिश्रण

२० + १७ = ३७. तीन कणसांच्या टोकाला गुलाबीसर बुरशी, ती बाद आणि कंपोस्टमध्येही नाही. असे दाणे कोंबड्यांनाही घालू नयेत. उरली ३४.

मोठी-मोठी कणसं निवडण्याची सवय इथे घातक. निवड कडक केली की संख्या घटते, आणि आपल्याकडे संख्याच नाही. फक्त रोगट आणि बुडातून मोडलेली ताटं वगळली. प्रत्येक कणसातून मोजून ६० दाणे, मधल्या भागातले; बुडाचे आणि शेंड्याचे नाहीत. कणीस लहान असो की मोठं, वाटा सारखाच. सगळ्या आयांचा वाटा समान ठेवला तर तेवढ्याच झाडांत विविधता जास्त टिकते. २०४० दाणे, वजन सुमारे ५०० ग्रॅम. दुसऱ्या दोन बागांतून २९ आणि ४१ कणसांचं बी आलं, प्रत्येकातून तितकेच दाणे. तिन्ही मिळून १०४ कणसं.

वाळलं का ते बघायला दाणा विटेवर ठेवून हातोडीने ठोकायचा. काचेसारखे तुकडे झाले तर बरणीत, चपटा झाला तर अजून दोन दिवस उन्हात. चाळलेली राख बियाच्या निम्म्या वजनाने मिसळली, टोक्यावर (धान्य पोखरणाऱ्या किड्यावर) एवढं पुरतं. दोन बरण्या, दोन घरांत. चिठ्ठीवर: वाण, मूळ ठिकाण, काढणीचं वर्ष, आया-कणसांची संख्या, किती हातपरागीकरणाची.

२७ ऑक्टोबर: उरलेले २.८ किलो

नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना चिरते. मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. त्याने साल सुटते, पीठ चिकटतं आणि दाण्यात अडकलेलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) अंगी लागतं.

१ किलो दाणे, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम कोरडा खायचा चुना. स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियमच्या नाही. ४० मिनिटं मंद उकळून रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी दाणा चोळल्यावर साल बोटाला चिकटून निघाली. चार पाण्यांनी धुऊन ओलंच वाटलं, भाकरी न चिरता उलटली.

ते पिवळं चुन्याचं पाणी बागेत ओतलं नाही. तिथला सामू ८.१ आहे. मोरीत गेलं.